कामापुरती भाषा

वकीलसाहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर वाद चांगलाच पेटला होता, आणि ज्याच्यावरून तो पेटला होता तो माणूस पुढे बसून गाडी चालवत होता.

"नियम अगदी योग्य आहे," डॉक्टर म्हणाले. हे साहेबांचे शाळेपासूनचे मित्र. दर बुधवारी दुपारी दोघे मिळून पोहायला जात. "इथल्या रस्त्यावर गाडी चालवायची तर इथली भाषा यायलाच पाहिजे. परवा माझा एक पेशंट टॅक्सीत बसला, वाटेत छातीत कळ आली. तो जीव तोडून सांगतोय, दवाखान्यात घे, दवाखान्यात घे. आणि हा पठ्ठ्या त्याला सरळ स्टेशनावर घेऊन गेला. का, तर पत्ता स्टेशनचा दिला होता!"

"मग शिकवा की भाषा. लायसन्स कशाला काढून घेता?" साहेब म्हणाले. "दोन वेळचं खायला मिळावं म्हणून जो मुलूख सोडून येतो तो आधी पुस्तक उघडून बसणार का? आणि काय अडतं रे? लाल दिवा सगळ्यांना लालच दिसतो. आमचे मौनीबाबा घे. चौदा वर्षं झाली माझ्याकडे. एक शब्द येत नाही आणि गाडीला एक ओरखडा नाही."

"एकही शब्द नाही? शक्यच नाही."

"बघ ना विचारून."

डॉक्टर पुढे वाकले. गंभीर आवाजात म्हणाले, "अहो मौनीबाबा, हलू नका. तुमच्या मानेवर भलंमोठं झुरळ बसलंय."

मौनीबाबाची मान अशी काही शिवशिवली की विचारू नका. पण हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत, खांदे उचलले गेले नाहीत, डोळे पुढच्या बसच्या नंबरावरून ढळले नाहीत. मागे दोघे शाळकरी पोरांसारखे खिदळले. त्याने डावा दिवा लावला, आरशात पाहिलं आणि तलावाच्या रस्त्याला वळण घेतलं.

खरं सांगायचं तर या विषयावर बोलायला त्या शहरात त्याच्याइतका लायक माणूस दुसरा सापडला नसता. त्याला डॉक्टरांचंही पटत होतं. साहेबांचंही पटत होतं. डॉक्टरांना सांगायला त्याच्याकडे आणखी तीन किस्से होते आणि साहेबांच्या बाजूने असा एक मुद्दा होता जो साहेबांना कोर्टात उभं राहूनही सुचला नसता. पण तोंड उघडायची सोय नव्हती. कारण मौनीबाबाला इथली भाषा उत्तम कळत होती, आणि ती कळत नाही याच गोष्टीचा त्याला पगार मिळत होता.

ते असं झालं. चौदा वर्षांपूर्वी तो दोन दिवसांचा प्रवास करून या शहरात उतरला तेव्हा त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. मेहुणा एका कचेरीच्या दारावर पहारेकरी होता. त्याने आठव्या दिवशी वकीलसाहेबांपुढे नेऊन उभा केला. साहेबांनी आधीच्या ड्रायव्हरला नुकतंच हाकललं होतं. त्या शहाण्याने गाडीत ऐकलेली एका खटल्यातली गोष्ट केस कापता कापता न्हाव्याला सांगितली होती, आणि न्हाव्याकडून ती समोरच्या वकिलापर्यंत पोहोचली होती. साहेबांनी मेहुण्याला पहिला प्रश्न विचारला, "भाषा येते का याला?" मेहुणा ओशाळला. म्हणाला, "नाही साहेब, पण शिकेल, लवकर शिकेल." साहेब म्हणाले, "शिकला तर घरी पाठवीन. हा असाच मला हवाय."

नोकरीबरोबर गॅरेजवरच्या दोन खोल्या मिळाल्या. बाहेरून लोखंडी जिना, आत एक खिडकी अंगणाकडची, पेट्रोलचा वास बारा महिने. पण बायकोने त्या दोन खोल्यांचं असं काही घर केलं की पाहुणा आला तर त्याला खाली गाडी आहे हेच विसरायला व्हायचं. वर्षभरात ती एका शिंप्याच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायला जाऊ लागली आणि गिऱ्हाइकांशी भांडता भांडता फाडफाड बोलायला शिकली. मुलगी शाळेत गेली, तिच्या तोंडी तर ही भाषा घरच्या भाषेच्या आधी यायची. आज ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहते आणि फोनवरचा आवाज ऐकून कुणी म्हणणार नाही की ही परक्या मुलखातल्या माणसाची पोर.

राहता राहिला हा. याचे कान काही कापून ठेवले नव्हते. दोन वर्षांत शब्द ओळखीचे झाले, तिसऱ्या वर्षी वाक्यं उलगडली. एके दिवशी साहेब फोनवर अशिलाला झापत होते आणि याच्या लक्षात आलं की आपल्याला सगळं कळतंय, अगदी शिव्यांसकट. कुणालाही आनंद झाला असता. याला साहेबांचं 'घरी पाठवीन' आठवलं.

तेव्हापासून हे सोंग. साहेब हातवारे करत, डझनभर शब्दांची एक खिचडी बोली दोघांनी बनवली होती, तीत डावं, उजवं, थांब, पाच वाजता एवढं सगळं मावत असे. एकदाच पितळ उघडं पडायची वेळ आली होती. पाचव्या वर्षी साहेबांनी एका न्यायाधीशाची अशी नक्कल केली की याला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यावर नेलं, आणि मग खोकला खरा वाटावा म्हणून बिचारा आठवडाभर खोकत राहिला. साहेबांनी स्वतःच्या पैशाने औषध आणून दिलं. साक्षीदाराच्या पापणीवरून खोटं ओळखणारा हा माणूस, पण स्वतःच्या सोयीचं असलं की त्यालाही सगळं खरं वाटायचं. बायकोला येते, मुलीला येते आणि यालाच कशी येत नाही, असं एकदा कुणीतरी विचारलं तर साहेब म्हणाले, "डोकं नाही रे. पण हात सोन्याचे आहेत."

हे ऐकून घ्यायचं आणि गाडी चालवायची.

नियम महिन्याभरात पक्का झाला. पगार घेऊन दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने सहा महिन्यांत तोंडी परीक्षा द्यायची. तीन श्रेणी होत्या: कामापुरती, चांगली आणि अस्खलित. कामापुरती मिळाली तरी लायसन्स पुढे चालू. तीही नाही मिळाली तर लायसन्स जमा. श्रेणी लायसन्सवर छापली जाणार होती.

साहेब गाडीतच फोनवर कारकुनाला म्हणाले, "कामापुरता शिकव त्याला कुणीतरी. कामापुरताच हं. ज्या दिवशी माझं फोनवरचं बोलणं त्याला कळायला लागेल, त्या दिवशी मला दुसरा माणूस बघावा लागेल. मग त्या खोल्याही रिकाम्या करून घ्याव्या लागतील. वाईट वाटेल, पण इलाज नाही."

ज्याला वाईट वाटायला हवं तो दोन फुटांवर बसून सिग्नल सुटायची वाट बघत होता.

घरी येऊन त्याने बायको आणि मुलीला सगळं सांगितलं. बायको कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत बसली होती.

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणाली. "चोरी केलीत का? भाषाच शिकलात."

"काय सांगू? साहेब, तुमचे अकरा वर्षांचे खटले मला पाठ आहेत? कुणाचं मूल कुणाचं आहे तेसुद्धा?"

"कुणाचं आहे?" मुलीने विचारलं.

"गप बस."

"मग नापास व्हा," बायको म्हणाली.

"लायसन्स जाईल."

"मग पास व्हा."

"पास होतोच आहे. पण कसा होऊ?" त्याने डोकं धरलं. "ज्याला पोहता येतं त्याला जेमतेम तरंगून दाखवायचंय. आणि चार महिने हात मारत शिकल्याचं नाटक करून."

मुलगी व्यवहारी. तिने वही काढली. नवीन माणसं कुठे चुकतात हे तिला दुकानात रोज ऐकून माहीत होतं. तिने वडिलांना चुकांची यादी करून दिली आणि जिन्यावर बसवून त्या पाठ करून घेतल्या. खाली अंगणात कुणी आलं की दोघं गप्प व्हायची. बाप चुकता चुकता मध्येच बरोबर बोलून जायचा आणि ती त्याला परत चुकायला लावायची. एकदा दोघं हसता हसता रडकुंडीला आली.

शिकवायचं काम कुणाकडे जावं? तर थेट बाईंकडे.

बाई म्हणजे साहेबांच्या आई. एकतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, म्हणून सगळं जग त्यांना बाईच म्हणे. नऊ वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी व्यायामाच्या दवाखान्यात जायचं. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. मागच्या सीटवर बाई एकट्या आणि पुढे मौनीबाबा.

आणि बाई बोलायच्या. पहिल्याच मंगळवारी फाटक ओलांडल्यावर त्यांनी सुरुवात केली होती: "तुला काही कळत नाही हे किती बरं आहे रे." घरात त्यांचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता, आणि जे त्यांना सांगायचं होतं ते घरात सांगण्यासारखं नव्हतं. त्यांना एक मुलगी होती. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि घरातून तिचं नाव निघून गेलं. फोटो निघाले, कपाट निघालं. बाई तिच्याबद्दल त्याच्या मानेशी बोलायच्या. ती लहानपणी कशी बोलायची, कोणत्या बाकावर बसायची, परवा तिच्यासारखीच एक बाई बाजारात कशी पाठमोरी दिसली. बोलता बोलता कधी आवाज बसायचा. मग मागून रुमालाचा, पर्सच्या चेनचा आवाज यायचा. तेव्हा मौनीबाबा पुलावरून न जाता नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने गाडी घ्यायचा. तेवढंच त्याला करता येत होतं, किंवा त्याने स्वतःची तशी समजूत घालून घेतली होती.

आता त्याच सीटवर शाळा भरली. बाईंनी गोल अक्षरात वाक्यांची वही तयार केली, हातात लाकडी पट्टी घेतली. गाडी थांबली की खांद्यावर पट्टी बसायची.

"म्हण. मी गाडी थांबवतो."

"मी... गाडी... थांबतो."

"गाडी थांबत नाही, तू थांबवतोस. पुन्हा!"

बाईंना दहा वर्षं तरुण झाल्यासारखं वाटत होतं. आणि याला घाम फुटत होता. माणसाला न येणारी गोष्ट येते असं दाखवणं सोपं आहे, सगळं जग तेच करून पोट भरतं. येणारी गोष्ट येत नाही असं आठवड्यातून दोनदा एका शिक्षिकेसमोर दाखवणं म्हणजे जिवाशी खेळ. तिसऱ्या आठवड्यात त्याने मुलीच्या यादीतली एकच चूक तीनदा केली. बाईंनी पट्टी खाली ठेवली.

"वर्गात एकच चूक तीनदा करणारा मुलगा एक तर बिनडोक असतो नाही तर बेरकी. तू कोण?"

"समजला नाही, बाई."

"ते दिसतंच आहे," बाई म्हणाल्या आणि पुढचं वाक्य घेतलं.

धडा जाताना व्हायचा. येताना बाई पट्टी पर्समध्ये ठेवायच्या आणि पूर्वीसारख्याच बोलायला लागायच्या, उलट पूर्वीपेक्षा जास्त आणि घाईघाईने. एका शुक्रवारी त्यांनी कारणही सांगितलं.

"मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय बघ. तुला शिकवतेय आणि तुला कळायला लागलं की माझं बोलणं बंद. अजून दोन महिने धर. तेवढ्यात बोलून घेते. तुला मी कामापुरतंच शिकवणार आहे, वर एक शब्द नाही. पण तरी आता भरवसा नाही."

आणि मग, बाजारपेठेच्या चौकात अडकलेल्या गाडीत, त्यांनी ते सांगितलं जे नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं. मुलगी एकदा परत आली होती. दुपारची वेळ, घरात बाई एकट्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं. ती दारात उभी होती आणि कडेवर मूल होतं. बेल दोनदा वाजली. मूल मुलगा आहे की मुलगी तेही पडद्याआडून कळलं नाही. तिने बराच वेळ वाट पाहिली, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली.

"सगळ्यांना वाटतं तिच्या बापाने तिला तोडलं," बाई म्हणाल्या. "तो तर बिचारा मरेपर्यंत वाट बघत होता. दार मी उघडलं नाही. मी. आणि संध्याकाळी त्याने विचारलं, कुणी आलं होतं का? मी म्हटलं, कुणी नाही."

बाई हुंदके देऊन रडायला लागल्या. मौनीबाबाने आरशात पाहिलं. त्याच्या ओठावर दोन शब्द आले, अगदी दातांपर्यंत आले. त्याला दिसल्या त्या गॅरेजवरच्या दोन खोल्या, बायकोचं शिलाईचं मशीन जिन्यावरून खाली येताना. पुढची गाडी हलली. त्याने ब्रेकवरचा पाय काढला.

त्या शुक्रवारनंतर बाई येताना गप्प बसू लागल्या. आता याला थोडं थोडं कळतं, अशी त्यांची खात्री झाली होती.

परीक्षेच्या दिवशी मुलीने शेवटची उजळणी घेतली. "बाबा, दहातल्या चार चुका. पाच करू नका, धोका आहे. तीन करू नका, जास्त धोका आहे."

परिवहन कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर बाकांवर चाळीस-पन्नास ड्रायव्हर परीक्षेच्या भीतीने अंग आवळून बसले होते. कुणी पुटपुटत होतं, कुणी तळहातावर लिहीत होतं. एकाने याला विचारलं, "तुला कितपत येते?" याने दोन बोटांत चिमूटभर जागा दाखवली.

आत परीक्षक एकटेच होते. दाढ सुजलेली, गालावर हात. समोर आवाज टिपून घेणारं यंत्र. त्यांनी कंटाळलेल्या सुरात प्रश्न सुरू केले. पुढे शाळा आहे, काय कराल? प्रवाशाला चक्कर आली, काय कराल? याने ठरल्याप्रमाणे अडखळत उत्तरं दिली. चार चुका चोख बसल्या. परीक्षकांनी 'कामापुरती'च्या चौकोनावर पेन टेकवलं. फक्त वेळ पूर्ण व्हायची होती म्हणून त्यांनी विचारलं, "बरं, आज सकाळपासून काय काय केलंत?"

आणि ते थांबले. गालावर हात ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघू लागले.

चौदा वर्षांत या भाषेत त्याला कुणी काही विचारून असं थांबलं नव्हतं.

"उठलो," तो म्हणाला. "गाडी... धुतली." इथे चूक करायची होती. ती राहिली. "आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकावी लागते, नाहीतर पाण्याबरोबर खडा फिरतो आणि रंगावर रेघ उमटते. लोकांना वाटतं पाणी मारलं की झालं." मग थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. गाडीवरून बायकोच्या हातातल्या बाहीवर गेला, बाहीवरून आपल्या वडिलांवर, जे जन्मभर पायी चालले आणि कधी गाडीत बसले नाहीत. पहिल्या वर्षी हे शहर कानाला कसं लागायचं ते सांगितलं, बंद दारामागे माणसं बोलत असावीत तसं. आणि एक दिवस ते दार उघडलं तेव्हा आपण आत जायच्या ऐवजी बाहेरच कसे उभे राहिलो, तेही सांगितलं. शब्द कुठून येत होते कुणास ठाऊक. जुने, नेटके, घासूनपुसून ठेवलेले शब्द, आजकाल कुणी वापरत नाही असे. परीक्षकांचा हात गालावरून कधीच खाली आला होता. बाहेर बाकांवरची मंडळी कुरकुरायला लागली तरी आतलं बोलणं संपेना.

"अहो, कुठे शिकलात हे?" परीक्षक म्हणाले. "माझ्या लहानपणी शाळेतल्या बाई असं बोलायच्या. परीक्षा द्यायला कसले येता, घ्यायला बसा!" आणि त्यांनी शिक्का उचलला.

तो भानावर आला. "साहेब, कामापुरती लिहा."

परीक्षक हसले. त्यांना तो विनय वाटला.

"हात जोडतो साहेब. कामापुरतीच लिहा."

"मला वाटलं तरी लिहिता येणार नाही. सगळं टिपलं गेलंय ना!" त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं आणि शिक्का मारला.

जिना उतरताना पहिल्या मजल्यापर्यंत त्याला हलकं हलकं वाटत होतं. तळमजल्यावर आल्यावर हातातला कागद आठवला. कागद लपवायची सोय नव्हती. विम्यासाठी त्याची प्रत साहेबांच्या कारकुनाला त्याच दिवशी द्यायची होती.

संध्याकाळी साहेबांनी त्याला दिवाणखान्यात बोलावलं. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"अस्खलित," ते म्हणाले. कोर्टात ज्या आवाजात ते पहिला प्रश्न विचारत तो आवाज. "चार महिन्यांत? आई, तू याला कामापुरतं शिकवत होतीस ना?"

बाईंनी हात पुढे केला. कागद घेतला, चष्मा लावला. चार महिन्यांत, आठवड्याला दोनदा, पाऊण-पाऊण तासात एखाद्याला किती येऊ शकतं हे त्या शहरात बाईंना जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं. त्यांनी कागद खाली केला आणि मौनीबाबाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो खाली सतरंजीकडे बघत राहिला.

"आई?"

"मीच शिकवलंय," बाई म्हणाल्या. आवाज जरा जड होता, पण वर्गातला होता. "एकतीस वर्षं काय उगाच घासली? हुशार आहे. आला वरच्या नंबराने."

"पण मग मी फोन कुठे करू? याला आता सगळं..."

"घरी कर. आणि माझ्या विद्यार्थ्याला पास झाला म्हणून कामावरून काढलेलं मी ऐकून घेणार नाही."

साहेबांनी आईकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच उलटतपासणी अर्धवट सोडली. "बरं," ते म्हणाले. "राहू दे."

बायकोने त्या दिवशी सुटकेचा श्वास सोडला. मुलगी म्हणाली, "वाचलात बाबा." तो अंगणात उतरून सकाळी धुतलेली गाडी पुन्हा पुसत बसला.

दुसरा दिवस मंगळवारचा. बाई गाडीत बसल्या. वही नव्हती, पट्टी नव्हती. फाटक गेलं, बाजारपेठ गेली, शाळा गेली. त्याने आरशात बघायचं टाळलं. पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती, तिथे गाडी थांबली.

"केव्हापासून?" बाईंनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही पहिल्यांदा बसलात त्या दिवसापासून, बाई."

"सगळं ऐकलंस."

"हो."

"ती दारात उभी होती ते."

"हो, बाई. पण मी कुणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. शपथ घेऊन सांगतो."

"ते नाही विचारत मी." बाईंचा आवाज शांत होता. "कुणाला सांगितलं असतंस तर मला कमी लागलं असतं. नऊ वर्षं मी या सीटवर रडतेय. मला वाटत होतं, भिंत आहे. भिंतीला काय कळणार? आणि तू माणूस होतास. नऊ वर्षांत एकदा, एकदाच, मागे वळून 'बाई, रडू नका' एवढं तुला म्हणता आलं नाही?"

त्याला खूप काही सांगता आलं असतं. अस्खलित सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलं तेव्हा दोनच शब्द निघाले.

"नोकरी होती."

पुढची गाडी हलली.

"ती आहे की अजून," बाई म्हणाल्या. "चालव."